संगीत नाटक शिकायचं आहे? पहिल्या पदापासून पहिल्या प्रवेशापर्यंत

संगीत नाटकात काम करायची हौस असलेला माणूस सहसा आधी गाण्याचा क्लास शोधतो. हळूहळू दोन-चार नाट्यपदं बसतात, गणेशोत्सवात किंवा कोजागरीला ती म्हटली जातात, लोक मनापासून कौतुक करतात. मग तो एखाद्या हौशी संस्थेच्या तालमीला उभा राहतो आणि तिथे अडकतो. गद्य वाक्य संपतं, चेहऱ्यावरचा भाव पुसला जातो, डोळे मिटतात, एक हात कानाकडे जातो आणि गाणं सुरू होतं. गाणं सुरेल असतं, पण पात्र मधेच रंगमंचावरून निघून गेलेलं असतं.

ही सवय एकदा लागली की सोडवायला फार वेळ जातो, म्हणून ती लागूच नये अशी शिकवणी सुरुवातीपासून आखायला हवी. पद म्हणजे पात्राच्या तोंडचं पुढचं वाक्य, हे धरून चालायचं. गुरू कसा निवडावा, रियाज काय करावा, पहिलं पद कसं बसवावं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आधी ऐका, पण संहिता हातात घेऊन

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यानुसार अभिनय करायची, आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि गाणं पात्रांच्या तोंडी आलं. जो बोलतो तोच गातो. संगीत नाटक शिकणाऱ्याला इतिहासातली ही एक गोष्ट पक्की माहीत असली तरी सुरुवातीला पुरे.

ऐकताना मात्र क्रम ठेवा. किर्लोस्कर आणि देवलांच्या नाटकांत पदं पुष्कळ आणि बरीचशी छोटी असतात. ‘सौभद्र’ किंवा ‘शारदा’ वाचलंत तर संवाद कधी पद्यात शिरतो आणि कधी परत गद्यात येतो हे चटकन दिसतं. १९११च्या ‘मानापमान’पासून खाडिलकरांच्या नाटकांत रागदारीचा विस्तार वाढत गेला. ‘मानापमान’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, १९१६च्या ‘स्वयंवर’चं भास्करबुवा बखल्यांचं. पुढे १९६४चं ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७चं ‘कट्यार काळजात घुसली’ यांत जितेंद्र अभिषेकींनी पदांना आटोपशीर, नव्या घाटाचं रूप दिलं. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर २०१७ साली आलेलं ‘संगीत देवबाभळी’ पाहा. दोन अभिनेत्री रंगमंचावर प्रत्यक्ष गातात आणि गाणं कुठेही प्रसंगापासून सुटत नाही.

वाचनालयातून नाटकाची छापील संहिता आणा. आधी तो प्रवेश वाचा, पदाआधीची दहा-पंधरा वाक्यं मोठ्याने म्हणा आणि मगच ध्वनिमुद्रण लावा. जुन्या ध्वनिमुद्रिकांबद्दल एक लक्षात असू द्या. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बालगंधर्व रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी वेळ रंगवत. तबकडीवरची लय, तिथली घाई, तिथला शेवट हे सगळं जसंच्या तसं उचलू नका. तिथून शब्दोच्चार, स्वरांचं वळण आणि मुखड्याकडे, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या ओळीकडे, परत येण्याची जागा घ्या.

शिकवणी कुठे आणि कुणाकडे

तुम्हाला तीन गोष्टी शिकायच्या आहेत: गाणं, गद्य आणि रंगमंचावरचा वावर. तिन्ही उत्तम शिकवणारी एकच व्यक्ती सापडणं आज कठीण आहे. म्हणून गाण्यासाठी एक गुरू आणि गद्य-वावरासाठी एखादी नाट्यसंस्था, अशी जोडी लावा. मात्र गाणं शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला हे नाटकात गायचं आहे. मैफलीसाठी शिकवणं आणि रंगमंचासाठी शिकवणं यांत फरक पडतो, आणि अनुभवी गुरू तो फरक करतात.

पुण्यात १८९४ पासून चालत आलेलं भरत नाट्य संशोधन मंदिर आहे, संगीत नाटकांच्या प्रयोगांची तिथे मोठी परंपरा आहे. पूर्णवेळ शिक्षण हवं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच आवारात शिकवलं जातं. विद्यार्थ्याला शेजारच्या वर्गात डोकावता येतं, हा तिथला मोठाच फायदा. गोव्यात पणजीची कला अकादमी आहे. शिवाय गोव्यातल्या गावोगावच्या देवळांत उत्सवाला नाटक करण्याची प्रथा अजून जिवंत असल्याने नवशिक्याला रंगमंच मिळणं तिथे सोपं जातं.

लहान गावात यातलं काहीच नसेल तर कीर्तनकार शोधा. हा सल्ला मी फार गंभीरपणे देतो. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथा सांगण्याच्या दुसऱ्या भागात, आख्यान रंगवताना बुवा बोलता बोलता साकीत शिरतात, दिंडी म्हणून परत गद्यावर येतात (साकी आणि दिंडी हे चालीवर म्हणायचे छोटे पद्यप्रकार), आणि ऐकणाऱ्याला सांधा जाणवतसुद्धा नाही. नेमकं हेच तुम्हाला शिकायचं आहे. एखाद्या कीर्तनकाराकडे काही महिने बसून साकी-दिंडी शिकलेला विद्यार्थी तालमीत चटकन वेगळा दिसतो.

कुणाचंही नाव पक्कं करण्याआधी एक तास बसून पाहण्याची परवानगी मागा. तिथे पाहायचं ते असं: गुरू विद्यार्थ्याला शब्दांचा अर्थ विचारतात का, उच्चार दुरुस्त करतात का, की नुसता सूर आणि ताल? विद्यार्थ्याच्या आवाजाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’ ज्या उंचीवर बसतो ती, जपतात, की सगळ्यांना स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गायला लावतात? एका तासात सगळं पद “बसवून देतो” म्हणणाऱ्यापासून लांब राहा. फी, महिन्याचे तास, चुकलेल्या तासाचं काय, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पहिले सहा महिने: पट्टी, सूर, लय

आधी स्वतःची पट्टी ठरवा. पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या हिशेबाने बायकांचा आवाज साधारण काळी चार ते काळी पाचच्या आसपास बसतो, पुरुषांचा काळी एक ते काळी दोनच्या. पण हा नुसता अंदाज. मंद्रातला पंचम नीट लागतो आणि वरचा पंचम किंचाळल्याशिवाय लागतो, ती तुमची पट्टी. आवडत्या गायकाची पट्टी आपलीच असावी असा हट्ट धरलात तर गळा बसेल.

घरी तंबोरा नसला तरी चालेल, मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप पुरतं. फक्त ते मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरून न ऐकता जरा बऱ्या स्पीकरला जोडा, कारण खर्जाचा स्वर ऐकूच आला नाही तर त्यात मिळायचं कसं? रोज सकाळी अर्धा-पाऊण तास पुरे. पहिली दहा-पंधरा मिनिटं षड्ज (सा) आणि खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर), मग आकारात अलंकार (स्वरांच्या ठरावीक रचना), मग एक राग. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी जास्त देतो.

सुरुवातीला भूप, यमन, बिहाग, भीमपलास हे राग घ्या. ज्यांच्याशी जोडलेली पदं लगेच ऐकता येतील असे राग निवडावेत. ‘नाथ हा माझा’ यमनात आहे, ‘मम आत्मा गमला’ बिहागात, ‘सुजन कसा मन चोरी’ भूपात. तिन्ही एकाच ‘स्वयंवर’मधली. तालांत त्रिताल, एकताल, झपताल, दादरा आणि केरवा.

क्लासात आपण मांडीवर हाताने ताल धरतो. तो धराच, पण दुसऱ्या महिन्यापासून रोजच्या रियाजातला थोडा वेळ हात न हलवता, उभं राहून गा. रंगमंचावर तुमच्या हातात पूजेचं तबक असेल, तलवार असेल, समोरच्या पात्राचा हात असेल. मात्रा मोजायला बोटं मोकळी मिळणार नाहीत. लय पायाच्या तळव्यात आणि श्वासात बसली पाहिजे. हे जमायला वेळ लागतो, म्हणून लवकर सुरू करा.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात का, असं बरेच जण विचारतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्यांमुळे अभ्यासाला शिस्त येते, हे खरं. देता आल्या तर द्या. पण परीक्षा दिल्याशिवाय पद घ्यायचं नाही, असं मुळीच नाही.

मुलगा वयात येत असेल आणि आवाज फुटत असेल तर त्याला तारसप्तकात ताणू नका. त्या काळात गद्य, ताल आणि हळू आवाजातला रियाज पुरे. मोठ्यांनीही आवाज बसल्यावर काढे पिऊन तालीम रेटू नये. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

गद्याची तालीम

गायकांना ही पायरी नकोशी वाटते. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

रोज दहा मिनिटं एखाद्या संगीत नाटकातलं पान उभं राहून मोठ्याने वाचा. जुन्या नाटकातली वाक्यं लांब असतात. कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला. पेन्सिलीने श्वासाच्या जागा खुणा करून ठेवा आणि वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने शेवट गिळला की अर्थच जातो. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार सांभाळा. ‘चरण’मधला च वेगळा, ‘चटका’मधला वेगळा. जोडाक्षरं पूर्ण फुटली पाहिजेत. तुमची बोली कोकणातली असो, वऱ्हाडातली असो की गोव्यातली, तिच्याबद्दल लाजू नका. भूमिकेची भाषा वेगळी लागते, तेवढी शिका.

नंतर एक व्यायाम करा. तंबोरा चालू ठेवून तेच गद्य बोला. गायचं नाही, नेहमीसारखंच बोलायचं. थोड्या दिवसांत बोलण्याचा आवाज आपोआप षड्जाच्या आसपास टेकू लागतो. हे साधलं की वाक्यातून पदात जाताना आवाजाला खटका बसत नाही.

पहिलं पद बसवणं

सुरुवात दिंडीने किंवा साकीने करा, मोठ्या पदाने नको. दिंडीच्या प्रत्येक चरणात १९ मात्रा असतात आणि ९ मात्रांवर थांबा असतो, त्यामुळे बोलण्याचा ओघ आपसूक सांभाळला जातो. ताना-हरकतींना, म्हणजे गळ्याच्या जलद फिरकीला आणि छोट्या सजावटीला, तिथे फारशी जागाच नसते, सगळा भार शब्दांवर. चार-पाच दिंड्या आणि साक्या अशा म्हणता आल्या पाहिजेत की ऐकणाऱ्याला बातमी कळली, चाल नंतर आठवली.

मग रागातलं पद. ‘सुजन कसा मन चोरी’ घेऊन मी पद्धत सांगतो, कारण भूप पहिल्या वर्षात शिकवला जातो आणि पाच स्वरांत हे पद उभं राहतं.

पहिले दोन दिवस चाल विसरा. ‘स्वयंवर’च्या संहितेत तो प्रवेश काढा, नायिका रुक्मिणी कुणाशी बोलते आहे ते पाहा. पदातच ‘अग’ आहे, म्हणजे ती स्वतःशी पुटपुटत नाही, समोर कुणीतरी जवळची आहे. आता ओळ नुसती बोला. सज्जन म्हणवणारा माणूस चोरी कशी करतो? या प्रश्नात तक्रार आहे, लाज आहे, आणि चोरी झाल्याचा आनंदही आहे. ‘सुजन’वर जोर देऊन बोला, मग ‘कसा’वर, मग ‘मन’वर. प्रत्येक वेळी रुक्मिणी थोडी वेगळी होते. तुमची कोणती, ते ठरवा. ‘चोरी’चा च दंत्य ठेवा, हिंदी बंदिशी म्हणून म्हणून तो तालव्य होण्याची सवय अनेकांना असते.

तिसऱ्या दिवशी ओळ तालात बोला. स्वर नाही, फक्त त्रितालाचा ठेका लावून शब्द. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या अक्षरावर येते, ते अर्थाच्या दृष्टीने वजनदार आहे का, हे गुरूंना विचारा. या प्रश्नावरून चाल बांधणाऱ्याची बुद्धी तुम्हाला दिसू लागेल.

त्यानंतर चाल. आधी मुखडा एकही हरकत न घेता, सरळ स्वरांत. तो इतका पक्का व्हावा की चालत, वळत, खाली बसताना म्हणता येईल. मग अंतरा. आणि मग पदाआधीची दोन-तीन गद्य वाक्यं जोडून तोच मुखडा. वाक्य, श्वास, मुखडा. वाक्य संपताना घेतलेला श्वास हा रुक्मिणीचा श्वास आहे, तो मोठ्याने, खांदे उचलून घेतलात तर प्रेक्षकाला लगेच कळतं की आता गाणं येणार. हा सांधा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पदाच्या इतर कोणत्याही भागापेक्षा यावर जास्त वेळ घालवा.

ताना सगळ्यांत शेवटी, आणि प्रत्येक तानेला गुरूंसमोर कारण द्यायचं. रुक्मिणीला शब्द अपुरे पडले म्हणून ती आली का? आली असेल तर ठेवा. केवळ गळा फिरतो म्हणून घेतलेली तान या टप्प्यावर काढून टाका. पुढे रंगमंचावर सरावलात की ती परत घेता येईल, आणि तेव्हा ती पात्राची असेल.

ऑर्गन, तबला आणि तुम्ही

संगीत नाटकाची साथ ऑर्गनची आणि तबल्याची. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष. साथीदार म्हणजे किती वरचं काम, ते या नावांवरून समजावं. म्हणून साथीदारांशी तालमीच्या आधी स्वतंत्र बसा.

ऑर्गनवाल्यांना तुमची पट्टी सांगा आणि पदाआधीचं शेवटचं वाक्य अचूक लिहून द्या. त्या वाक्यावर ते स्वर भरतात. तुम्ही प्रयोगात वाक्य बदललंत तर स्वर चुकीच्या जागी येणार. एकाच प्रवेशात नायकाची पट्टी एक आणि नायिकेची दुसरी असते, त्यामुळे तबलजींना वेगवेगळ्या स्वरांत मिळवलेले तबले जवळ ठेवावे लागतात. तुमची पट्टी प्रयोगाच्या दिवशी बदलायची नाही, याचं हेही एक कारण. साथ रंगमंचाच्या पुढे खाली किंवा बाजूला बसते, तुम्ही सतत त्यांच्याकडे पाहू शकत नाही. तेव्हा पद संपवण्याची खूण आधी ठरवा: मुखडा कितीदा येणार, शेवटची लय कुठे उतरणार.

वावर

पहिल्या तालमींना नऊवारी किंवा धोतर-उपरणं नेसूनच जा. लुगड्यात श्वास कुठे अडतो, बसताना काय होतं, हे साध्या कपड्यांत कळत नाही. पद म्हणताना समोरच्या पात्राकडे पाहायला शिका, आणि दुसरं पात्र गात असताना ऐकायला शिका. न गाणाऱ्या नटाचं लक्ष उडालं की प्रेक्षकांचंही उडतं. आज माइक असतो, पण गद्य शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचेल अशीच सवय करा, ओरडण्याची मात्र नको.

परदेशातून किंवा लांबून शिकत असाल तर

व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. त्यामुळे गुरूंचा तबला आणि तुमचं गाणं एकाच वेळी जुळत नाही, आणि त्यात कुणाचीच चूक नसते. गुरूंनी म्हणायचं, तुम्ही ऐकून म्हणायचं, अशीच पद्धत ठेवा. ठेका आणि तंबोरा तुमच्या बाजूला वाजू द्या. पदाचं रेकॉर्डिंग आदल्या दिवशी पाठवलंत तर तास दुरुस्तीला मिळतो. गद्य आणि उच्चार ऑनलाइन छान शिकता येतात. वावर मात्र तिथे शिकता येत नाही, त्यासाठी गावातल्या मराठी मंडळात दोन-तीन जण जमवा आणि एक प्रवेश बसवा.

पहिला प्रयोग

पूर्ण नाटकाची वाट पाहू नका. दोन पात्रांचा, एक-दोन पदांचा प्रवेश निवडा, ‘सौभद्र’ किंवा ‘संशयकल्लोळ’मध्ये असे पुष्कळ आहेत. घरच्या बैठकीत, सोसायटीच्या गणपतीत, देवळाच्या मंडपात तो करा. वेशभूषा साधी असू द्या, पण साथ प्रत्यक्ष हवी, रेकॉर्ड केलेला ट्रॅक नको. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, आणि संगीत नाटकात थांबणं शिकायचं असतं. त्यानंतर राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या जवळच्या हौशी संस्थेत नाव द्या. सुरुवातीला नांदीच्या (नाटकाच्या आरंभी म्हणायच्या स्तवनाच्या) समूहात किंवा एखाद्या छोट्या भूमिकेत घेतलं तरी आनंदाने जा. नांदीत सूर इतरांच्या सुरात मिसळायला शिकाल आणि विंगेत उभं राहून बाकीचं नाटक रोज ऐकायला मिळेल.

प्रयोगाचं चित्रीकरण कुणाला तरी करायला सांगा. दुसऱ्या दिवशी ते आधी आवाज बंद करून पाहा. पद कधी सुरू झालं हे तुमच्या अंगावरून लगेच ओळखता आलं, तर तो सांधा अजून उघडा आहे. त्या वेळेची नोंद करा आणि पुढच्या तासाला ते वाक्य, तो श्वास आणि तो मुखडा घेऊन गुरूंकडे जा.